चौदा वजा करून

काट्यावर खुर्ची चढवताना ठकी दर वेळी श्वास रोखून धरायची. जणू तिच्या श्वासाचंही वजन आईच्या नावावर लागणार होतं.

काटा म्हणजे क्लिनिकच्या बोळकांडीत जमिनीत बसवलेली एक रुंद लोखंडी पाटी आणि तिच्यासमोर भिंतीवर लाल आकड्यांची चौकट. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला उभं राहता येत नव्हतं, म्हणून क्लिनिकच्या चाकाच्या खुर्चीसकट तिचं वजन व्हायचं. खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी पांढऱ्या ऑइलपेंटनं ठसठशीत 'चौदा किलो' असं लिहून ठेवलं होतं. चौकटीत येईल त्यातून चौदा वजा करायचे. उरेल ती आई.

आकडे लुकलुकले आणि थांबले.

"एकोणसत्तर चारशे," ठकी पुटपुटली. वजाबाकी करायला तिला आता वेळ लागत नसे. पंचावन्न चारशे.

आईनं वर बघितलंच नाही. मांडीवरच्या शालीची शिवण कुठे उसवलीय का, ते ती बोटांनी चाचपत होती. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई. हात रिकामे ठेवणं तिला माहीत नव्हतं.

"किती?" मोठ्या सिस्टरनी विचारलं. क्लिनिक चालायचं ते त्यांच्यावर. आवाज कधी चढायचा नाही, पण त्या खोलीत आल्या की पेशंटसुद्धा सरळ बसायचे.

"पंचावन्न चारशे."

सिस्टरांचं पेन थांबलं. "मावशी, मधल्या एका दिवसात जवळजवळ साडेतीन किलो?"

"मला काय विचारता? काट्याला विचारा," आई शालीकडे बघतच म्हणाली.

"काटा पाणी पीत नाही हो मावशी."

ठकीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि खुर्चीसकट दोघींना पोटात घ्यावं. कारण सिस्टर खोटं बोलत नव्हत्या. आईच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. घशाखाली उतरलेला घोट न घोट अंगात साठून राहायचा आणि मशीनलाच तो ओढून काढावा लागायचा. साठलेलं सगळं पाणी निघून गेल्यावर जे वजन उरतं, त्याला इथे ड्राय वेट म्हणत. आईचं बावन्न ठरलेलं होतं. त्याच्यावर दीड-दोन किलो चाललं असतं. साडेतीन म्हणजे चोरी. आणि चोरी कुठून झाली तेही ठकीला ठाऊक होतं.

टेक्निशियन दादा आईला खुर्चीतून पलीकडच्या खोलीत मशीनपाशी घेऊन गेला आणि रिकामी खुर्ची परत आणून काट्याच्या पाटीवरच लावून ठेवायला निघाला. तीच तिची जागा. त्या बोळकांडीत दुसरीकडे कुठेही ठेवली की औषधांची गाडी अडकायची.

"थांब दादा," म्हणून ठकी सवयीनं आधी स्वतः पाटीवर चढली. बाळंतपण होऊन पाच महिने झाले तरी अंगावरचं उतरत नव्हतं, आणि आईनंतर लेकीनं काट्यावर चढायचं हा इथला नेहमीचा गमतीचा भाग होता. एकसष्ट. एरवी सिस्टर म्हणायच्या, "अगं, दूध पाजतेस, भरपूर खा, काट्याकडे कशाला बघतेस!" आज सिस्टर आईचा आकडा वहीत लिहीत होत्या. ठकी खाली उतरली, दादानं खुर्ची पाटीवर ढकलली आणि भिंतीवरच्या आकड्यांकडे पाठ करून सगळे कामाला लागले.

त्याच भिंतीवर, काट्याच्या पलीकडे, क्लिनिकचा गुणवत्तेचा फळा होता. पाण्याची चाचणी, हातांची स्वच्छता, जंतुसंसर्ग, सुया टोचण्यातल्या अडचणी. प्रत्येकापुढे एकेक गोल चकती. सगळ्या हिरव्या. फक्त 'उपचार चालू असताना रक्तदाब कोसळणे' याच्यापुढे लाल. येणारा-जाणारा तो फळा वाचायचा, आणि ती लाल चकती कुणामुळे आहे हे सांगायची गरज नव्हती. मागच्या दोन्ही खेपांना आई मशीनवर असतानाच पांढरीफटक पडली होती. डॉक्टरीणबाईंनी ठकीला बाजूला घेऊन समजावलं होतं: इतकं पाणी इतक्या वेळात ओढलं की हृदयाला झेपत नाही. पुन्हा असं झालं तर मला त्यांना इथे ठेवता येणार नाही, इथे अतिदक्षता विभाग नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल.

हे आईनं ऐकलं होतं. घरी आल्यावर तिनं इतकंच म्हटलं, "तिकडे मी जायची नाही. इथे जमत नसेल तर घरी बसेन."

डायलिसिसच्या पेशंटनं घरी बसणं म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत होतं. ठकीनं त्याच दिवशी कंबर कसली. पाण्याचा जग उचलून माळ्यावर ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराला कडी. आईचा दिवसाचा हिस्सा एका छोट्या बाटलीत मोजून उशाशी.

आणि काल संध्याकाळी कडी लावायची राहिली; बाळाची बाटली भरायला ती वळली तर उकळून गार केलेल्या पाण्याचं भांडं रिकामं. आई तिच्या घरातल्या चाकाच्या खुर्चीत दाराआड बसलेली, हनुवटी ओली, बाळाचा प्यायचा चिमुकला पेला हातात.

"आई! बाळाचं पाणी?"

"तहान लागते गं मला."

"तहान सगळ्यांनाच लागते!"

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, तिच्या स्वतःच्या हातात भरलेला तांब्या होता. अंगावर पाजणाऱ्या बाईला घसा कायम कोरडा वाटतो. ती दिवसाकाठी तांबेच्या तांबे रिचवायची. आधी आईसमोर, मग मोरीत दार लावून, नळ मोठा सोडून, घोटाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आईनं तांब्याकडे बघितलं, पेला लेकीच्या हातात दिला आणि खुर्चीची चाकं फिरवून खोलीत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"या टेलरबाई," शेजारच्या खाटेवरून ड्रायव्हरकाका म्हणाले. आयुष्यभर बस चालवलेले काका; त्यांच्या हाताला नळ्या लागलेल्या होत्या तरी दुसऱ्या हातानं ते हवेत स्टिअरिंग फिरवल्यासारखं करून सगळ्यांचं स्वागत करायचे. "आज किती प्रवासी भरून आणलेत?"

"साडेतीन किलो," आई म्हणाली.

"ओव्हरलोड! परमिट जाईल."

आई एवढ्यातही हसली. लेकीकडे बघून नव्हे, काकांकडे बघून. ठकीनं तिची बाही दुमडली. कोपराच्या वर सुयांसाठी ऑपरेशन करून जाड केलेली शीर, तिच्यातून रक्त घरघरत धावायचं. बोट ठेवलं की मांजराच्या पाठीसारखं जाणवायचं. लहानपणी शिलाई मशीनच्या पायाला कान लावून ठकी झोपायची, तशीच ही घरघर. दर वेळी सुई टोचण्याआधी ती तिथे दोन बोटं टेकवायची. आज टेकवायला गेली तर आईनं हात किंचित आवरला.

"थंड आहेत तुझे हात," आई म्हणाली. हात थंड नव्हते.

सुया टोचल्या, नळ्या लाल झाल्या, मशीनचं चाक फिरू लागलं. मोठ्या सिस्टरनी पडद्यावर किती पाणी काढायचं तो आकडा भरला, दादानं तो मोठ्यानं वाचला, सिस्टरनी मान हलवली. इथे प्रत्येक आकडा दोघांनी बघायचा असा नियम होता. बटण दाबलं गेलं.

ठकी स्टुलावर बसली. घरी नवऱ्यानं रजा टाकली होती, दुधाची बाटली भरून ठेवलेली होती, तरी दुसऱ्या तासाला तिचं अंग दाटून यायचंच. ती छातीशी हात घट्ट बांधून बसली.

"ठके."

"काय गं?"

"आजचं झालं की पुरे."

"पुरे म्हणजे?"

"म्हणजे पुरे." आई छताकडे बघत होती. "नीट ऐक, मध्ये बोलू नकोस. मी रागावून सांगत नाहीये. दर खेपेला इथून अर्धी मरून घरी जाते. पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधार. घरी गेले की घसा जळतो. प्यायले तर तुझे डोळे दिसतात मला. न प्यायले तर... न पिणं मला जमतच नाही. मी काय लहान आहे का चोरून प्यायला? पण काल प्यायले. नातवाचं पाणी प्यायले. माझीच मला किळस आली बघ."

"आई, अगं, मी काल..."

"बोलू नकोस म्हटलं ना. कपडे ढिले होतायत माझे, दोनदा टाचून घेतले, आणि इथे मी फुगतेय म्हणतात. मला कळत नाही काही. कळून घ्यायची ताकदही नाही आता. तुझं पोर अंगावर पितंय. तू त्याच्याकडे बघायचं का माझ्या घोटांची राखण करायची? परवा गाडी सांगू नकोस. मी येणार नाही."

ठकीनं पडद्यावरच्या आकड्यांकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काकांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं.

"आपण घरी बोलू," ती कशीबशी म्हणाली.

आईनं जांभई दिली. मग लगेच दुसरी. तिसरी जांभई अर्ध्यात राहिली आणि ठकी स्टुलावरून उठली. रक्तदाब खाली जायला लागला की आधी जांभया येतात, हे मागच्या दोन खेपांनी तिला शिकवलं होतं.

"सिस्टर!"

मशीन त्याच क्षणी केकाटलं. आईचे ओठ राखेच्या रंगाचे झाले. पोटऱ्या अशा काही वळल्या की चादरीखालचा पाय एखाद्या लाकडासारखा वर उचलला गेला. आईच्या घशातून आवाज निघाला, शब्द नव्हे, नुसता आवाज. मोठ्या सिस्टर धावत आल्या, पाणी ओढणं थांबवलं, खाट डोक्याकडून खाली केली. दादानं सलाइन मोकळं सोडलं.

"मावशी, डोळे उघडा. माझ्याकडे बघा. बघा माझ्याकडे!"

ठकी आईचे पाय धरून चोळत होती, सगळ्यांच्या मधे येत होती. दुसऱ्या सिस्टरला तिच्यावरून हात लांबवून मशीनपर्यंत पोचावं लागत होतं.

"ताई, बाहेर बसा."

"नाही, मी..."

"बाहेर. मला जागा द्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चढलेला आवाज ठकीनं पहिल्यांदा ऐकला.

ती बोळात आली. बाकावर दुपारच्या पाळीची माणसं आत्तापासून डबे मांडीवर घेऊन बसली होती. कुठे टेकायला जागा नाही म्हणून ती सरळ त्या रिकाम्या खुर्चीत, काट्याच्या पाटीवरच बसली. पर्स पाटीबाहेर टाकली. पाय खुर्चीच्या पायफळ्यांवर घेतले, गुडघे पोटाशी ओढले. आतून सिस्टरांचा आवाज येत होता: "बीपी सत्तर... अजून द्या... वर येतंय..." छातीतून दूध पाझरायला लागलं होतं, इकडे आई, तिकडे बाळ, आणि हिचं शरीर वेड्यासारखं दोघांनाही उत्तर देत होतं.

बघायचं नव्हतं तरी समोर लाल आकडे होते. शहात्तर पाचशे.

सवय इतकी भिनलेली की मन वजाबाकी करूनच मोकळं झालं. शहात्तर पाचशेतून चौदा. साडेबासष्ट.

साडेबासष्ट? सकाळी तर एकसष्ट होते.

आधी तिच्या मनात आलं ते बाईच्याच मनात येईल असं: दोन तासांत दीड किलो? आणि खाल्लंय तर कोरडी दोन बिस्किटं. मग तिला स्वतःचाच संताप आला. आत आई मरणाच्या दारात आणि मी माझं वजन मोजतेय. तिनं आकड्यांवरून नजर काढली. फळ्यावरच्या लाल चकतीकडे लावली. चकतीवरून पुन्हा आकड्यांवर आली.

मी तर तेवढीच आहे.

ती हळूच उठली. खुर्ची मागे ढकलून पाटीवरून उतरवली. पाटीवर एकटी चढली. एकसष्ट. उतरली. बाकावरची माणसं तिच्याकडे बघायला लागली होती. एका आजोबांनी शेजारणीला कोपरानं ढोसलंही. ठकीनं रिकामी खुर्ची पाटीवर ढकलली आणि हात काढून घेतले.

पंधरा पाचशे.

तिनं खुर्चीच्या पाठीकडे बघितलं. चौदा किलो. पांढरा, ठसठशीत, तिळमात्र शंका येऊ नये असा चौदा. मग बसायच्या जागेकडे बघितलं. निळी, जाड, बसलं की हळूच दबणारी उशी, चारी कोपऱ्यांना स्क्रूनं पक्की केलेली. पायांखाली चकचकीत स्टीलच्या फळ्या. जुनी बैठक फाटलेली होती, फाटक्या रेक्झिनमध्ये जंतू राहतात म्हणून मागच्या तपासणीत शेरा आला होता. मोठ्या सिस्टरनीच पाठपुरावा करून नवी उशी आणि नव्या फळ्या बसवून घेतल्या होत्या. फळ्यावरची जंतुसंसर्गाची चकती तेव्हाच हिरवी झाली होती. कधी? महिन्याच्या सुरुवातीला. आईचे पाय कधीपासून वळायला लागले? तेव्हापासूनच.

आतून सिस्टरांचा आवाज आला, आता शांत: "आलं. शंभरच्या वर आलं. दादा, दहा मिनिटं थांबू आणि मग हळूहळू पुन्हा ओढायला लावू. पाणी तर काढावंच लागेल, अजून निम्मं शिल्लक आहे."

ठकी आत धावली.

"ओढू नका!"

"ताई, मी तुम्हाला बाहेर..."

"ओढू नका सिस्टर, तिच्या अंगात तेवढं पाणी नाहीच! खुर्ची जड झालीय. खुर्ची. चौदाची नाही राहिली ती."

"काय बोलताय?" मोठ्या सिस्टरांच्या कपाळावर घाम होता, केसांची एक बट टोपीतून सुटली होती. "हे बघा, तुमची अवस्था मला समजते. पण आत्ता यांच्याजवळून मला हलता येत नाही. तुम्ही पाणी पिऊन या, मग बोलू."

"मी पाणी पिऊन येऊ?" ठकी ओरडली, आणि सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. "मी घरात कडी लावलीय सिस्टर! आईला पाण्याला महाग केलंय. तुम्ही फक्त चार पावलं या. दादा थांबेल इथे. चार पावलं. खोटं निघालं तर मला हाकला, परत पाऊल टाकणार नाही मी."

मशीनचं चाक गरगरत होतं. मग शेजारच्या खाटेवरून, डोळे न उघडताच, ड्रायव्हरकाका म्हणाले, "जा हो सिस्टर. गाडी अशीतशीही थांबलेलीच आहे. खाली वाकून बघायला काय जातंय?"

मोठ्या सिस्टरनी दादाकडे बघितलं. "बटणाला हात लावायचा नाही," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

पाटीवर खुर्ची तशीच होती. लाल आकडेही तसेच. सिस्टर बघत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची उतरवली, काटा शून्यावर येईपर्यंत थांबल्या, खुर्ची पुन्हा चढवली. पंधरा पाचशे. तिसऱ्यांदा चढवली नाही. त्यांचा हात नव्या निळ्या उशीवर गेला, ती उशी जिवंत असावी तसा.

"ही मी बसवून घेतली," त्या म्हणाल्या. ठकीला नव्हे. "रंग लावून आकडा बदला, एवढं सांगायचं राहिलं."

बाकावरच्या आजोबांनी घसा खाकरला. "सिस्टर, मलापण याच खुर्चीवर मोजता तुम्ही. दुपारी."

"हो आजोबा."

"माझे पाय वळतात ते..."

"हो आजोबा," सिस्टर पुन्हा म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांचा आवाज फुटला. "थांबा. आज तुमचं वजन मी स्वतः करणार."

पुढचं सगळं भराभर झालं. त्या आत आल्या त्या पुन्हा पहिल्यासारख्या ताठ. पडद्यावरचा आकडा पुसला, पाणी ओढणं पूर्ण बंद, नुसतं रक्त शुद्ध होत राहू दे म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळ्यांसमोर, आवाज न लपवता, काय झालं ते सांगितलं. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांच्या बोटात अजून गाडीची किल्ली लटकत होती. त्यांनी आईच्या पायाचे घोटे दाबून पाहिले, मानेच्या शिरा पाहिल्या, छातीला नळी लावली. बराच वेळ.

"सूज नाही," त्या म्हणाल्या. "मला हे आधी हातानं बघायला हवं होतं. मी आकड्यावर गेले."

"म्हणजे ती पाणी प्यायलीच नव्हती?" ठकीनं विचारलं.

"प्यायल्या होत्या. प्यायल्या म्हणून तर निभावलं. आपण दर खेपेला त्यांना दीड किलो जास्तीचं पिळून घरी पाठवत होतो. अंग ते परत मागणारच. जीव तहानलेला होता त्यांचा, जीभ नव्हे."

डॉक्टरीणबाई एवढं बोलून खुर्ची बघायला बाहेर गेल्या. मोठ्या सिस्टर मात्र खाटेपाशी थांबल्या. फळ्यावरच्या चकत्या लावणारी, तपासणीच्या लोकांसमोर अवाक्षर न चुकणारी ती बाई, तिनं खाटेचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"मावशी, चूक आमची होती. तुमची नव्हती. मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले, म्हणून सगळ्यांदेखत सांगते."

आईच्या चेहऱ्यावर थोडा थोडा रंग परतत होता. ती सिस्टरांकडे बघत राहिली, रागानं नाही आणि क्षमेनंही नाही. कापड हातात घेऊन त्यात दम किती आहे ते बघावं, तशी.

"काय निघालं मग?" तिनं विचारलं. आवाज खरवडलेला.

"उशी निघाली टेलरबाई!" काकांना आता राहवेना. "इतके दिवस त्या उशीचं पाणी तुमच्या अंगातून काढत होते!"

आईचं पोट हललं. मग ती हसायला लागली, खोकत, एका हातानं दुखरी पोटरी धरून. काका हसले, दादा तोंड फिरवून हसला. ठकीला मात्र हसता येईना. तिला फक्त दाराआडची ती ओली हनुवटी दिसत होती आणि तो चिमुकला पेला.

"ताई, त्यांना पाणी द्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ग्लासभर द्या. मी सांगतेय."

ठकी कोपऱ्यातल्या फिल्टरपाशी गेली. स्टीलचा ग्लास भरला. तो इतका काठोकाठ होता की खाटेपर्यंत येईतो थोडं पाणी तिच्या मनगटावर सांडलं. आईच्या मानेखाली हात घालून तिनं ग्लास ओठांपाशी नेला.

आईनं तोंड उघडलं नाही.

"मोजून आणलंस?"

ठकीच्या डोळ्यांतून आता धारा लागल्या. ग्लास दोघींच्या मधे तसाच. काकांनी भिंतीकडे तोंड केलं; या खेपेला झोपेचं सोंगही घेतलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "नाही मोजलं."

आईनं तिच्याकडे बघितलं. लेकीच्या कुर्त्यावर छातीशी दुधाचे दोन ओले गोल पसरले होते. आईची नजर तिथे थांबली, आणि चेहरा कुठलीतरी टाचणी सुटल्यासारखा सैल झाला.

"केव्हापासून बसलीयस अशी? काही प्यायलीस का तू?"

ठकीनं नाही म्हणून मान हलवली.

"आधी तू पी."

"आई, तुला..."

"पी म्हणते ना. मोरीत नळ सोडून पितेस, मला काय ऐकू येत नाही होय? मशीनच्या खडखडाटात मला गिऱ्हाईकाची कुजबुज कळायची. इथे पी. माझ्यासमोर."

ठकीनं ग्लास तोंडाला लावला. घोट उतरताना आवाज झाला, मोठा. तिनं तो लपवला नाही. मग उरलेलं आईला पाजलं. आई सावकाश प्यायली, प्रत्येक घोट तोंडात फिरवून, डोळे मिटून. तळाशी थोडं राहिलं तेव्हा तिनं हातानंच पुरे म्हणून खूण केली. कुणी सांगितलं नव्हतं. तिला पुरे झालं होतं.

वेळ संपल्यावर सुया निघाल्या. दादा खुर्ची घेऊन आला. आईला तिच्यात बसवलं, आणि ती पाटीवरून जायच्या आधी मोठ्या सिस्टर औषधांच्या कपाटातून चिकटपट्टी घेऊन आल्या. खुर्चीच्या पाठीवरच्या चौदावर त्यांनी पट्टी ओढली आणि काळ्या पेनानं जाड अक्षरांत नवा आकडा लिहिला. फळ्यावरच्या लाल चकतीला मात्र त्यांनी हात लावला नाही. तिच्याशेजारी खडूनं लिहिलं: 'चूक खुर्चीच्या वजनात. पेशंटची नाही.'

"ही उशी काढून टाकते मी उद्या," त्या आईला म्हणाल्या. "बघवत नाही मला."

"छे, काढू नका," आई म्हणाली. "उशी चांगली आहे. आधीच्या फाटक्या बैठकीवर हाडं टोचायची. शिवणही पक्की आहे. आकडा तेवढा बरोबर ठेवा."

ठकीचे हात खुर्चीच्या मुठींवर होते. ती खुर्ची ढकलत दाराशी आली. बाहेर दुपारचं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं, भाड्याची गाडी लावून गाडीवाला हात बाहेर काढून वाट बघत होता.

"परवा गाडी किती वाजता आणू?" गाडीवाल्यानं विचारलं.

ठकीचा श्वास थांबला. सकाळी काट्यावर थांबायचा तसाच.

आई गाडीत बसण्यासाठी हात पुढे करत होती. तिनं शाल नीट घेतली, उसवलेली कडा आत दुमडली.

"नेहमीच्याच वेळी," ती गाडीवाल्याला म्हणाली. मग लेकीकडे न बघता, "आणि तू घरी गेलीस की आधी ती कडी काढ. पोर रडत असेल, चल."